उद्योजक संघटनेने आमदारांना दिवाळीची भेट द्यावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका लघुउद्योजक संघटनेचे मानद सचिव आहात. महापालिकेचा मालमत्ता कर आणि एमआयडीसीचं सेवाशुल्क असे दोन्ही भार सोसावे लागतात, हे सभासदांचं गाऱ्हाणं आहे. हिवाळी अधिवेशनात त्यावर लक्षवेधी (मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणारी आमदाराची सूचना) लागावी म्हणून संघटनेनं एक लायझनिंग सल्लागार, म्हणजे सरकारदरबारी पाठपुरावा करणारा माणूस, नेमला. त्यानं आता दिवाळीची यादी पाठवलीय. तीन आमदारांना संघटनेचं बोधचिन्ह कोरलेलं चांदीचं नाणं आणि सुकामेव्याचा डबा, ओळखीच्या नगरसेवकांना नुसता डबा, पीएंना पाकीट. त्याशिवाय एका आमदारांच्या घरी डिसेंबरात लग्न आहे, दुसऱ्यांच्या मंडळाला दहीहंडीची स्पॉन्सरशिप हवीय आणि तिसऱ्यांना जर्मनीतलं औद्योगिक प्रदर्शन दाखवून आणायचं सल्लागाराच्या मनात आहे. तुमच्या सभासदांपैकी एका अमेरिकी कंपनीच्या इथल्या व्यवस्थापकानं सुचवलं की 'तिकडे पन्नास डॉलरची मर्यादा असते, तेवढ्यात बसवा.' आणि तुम्ही विचारताय, आपल्याकडे ती मर्यादा किती रुपयांची आहे?

मी ठाण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांची कायदेपालनाची कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत आणि दर दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मी फौजदारी वकील नाही. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं असेल तर माझ्या उत्तरावर थांबू नका, वकील गाठा.

सरळ उत्तर असं की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आमदाराला द्यायच्या भेटीची रुपयांत मोजलेली कुठलीही मर्यादा नाही. हजारपर्यंत चालतं, पाच हजारांपर्यंत चालतं, असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतले किंवा दुसऱ्याच कुणासाठी केलेले आकडे तुम्हाला सांगतोय. आकडाच नाही म्हणजे रान मोकळं, असं मात्र समजू नका. 'आम्ही मर्यादेच्या आत होतो' असं म्हणायची सोयच तुम्हाला उरत नाही. हा धोका लोकांच्या लक्षात येत नाही.

भेट द्यावी की नाही हे ठरवताना मी किंमत सगळ्यात शेवटी बघते. आधी विचारते की देणाऱ्याचं कोणतं काम घेणाऱ्याच्या हातात आहे. तुमच्या बाबतीत याचं उत्तर अगदी स्पष्ट आहे. लक्षवेधीचा मसुदा तयार आहे, तो तुम्हीच आमदारांना दिलाय, अधिवेशन डिसेंबरात आहे आणि नाणं त्याच्या आधी काही आठवडे पोचणार आहे. तुमच्या मनात काहीही वावगं नसेल. सचिव म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारताय यावरूनच ते कळतं. पण तारखा एका ओळीत लावल्या की वाचणाऱ्याला काय दिसेल, हा विचार करा.

कायदा याकडे कसं बघतो, ते जरा सविस्तर सांगते, कारण यातच बहुतेकांची गफलत होते. लाच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सौदा येतो. इतके द्या, मग काम करतो. कलम ७ साधारण त्यासाठीच आहे. पण त्याच कायद्यात कलम ११ आहे आणि तिथे सौदा सिद्ध व्हावा लागत नाही. ज्या माणसाचं काम आपल्यासमोर आहे, होतं किंवा येण्याची शक्यता आहे, किंवा ज्याचा आपल्या सरकारी कर्तव्याशी संबंध आहे, अशा माणसाकडून लोकसेवकानं हे सारं ठाऊक असताना फुकटात किंवा नाममात्र मोबदल्यात लाभ घेतला, की गुन्हा होतो. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. लाभ पैशातच असावा असंही नाही. नाणं, तिकीट, हॉटेलची खोली, सगळं त्यात येतं. हे कलम घेणाऱ्यासाठी आहे, पण गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यासाठी कलम १२ आहे आणि तिथे शिक्षा तीन ते सात वर्षं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यावर कलम ८ खाली थेट गुन्हा दाखल होतो. त्यासाठी लोकसेवकाला काम अयोग्य रीतीनं करायला लावण्याचा हेतू दिसावा लागतो. हेतू कशावरून काढतात? कागदांवरून आणि तारखांवरून.

आमदार यात 'लोकसेवक' धरला जातो का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. धरला जातो. नगरसेवकसुद्धा. नगरसेवकांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. आमदार-खासदारांबाबत एक मोठी पळवाट मात्र बरीच वर्षं शिल्लक होती. १९९३ च्या अविश्वास ठरावात पैसे घेऊन मतदान केल्याचं जे प्रकरण झालं, त्यावर १९९८ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव खटल्याचा निकाल लागला. पैसे घेतले आणि त्याप्रमाणे सभागृहात मत दिलं, तर सदस्याला संसदीय विशेषाधिकाराचं संरक्षण मिळतं, असा त्याचा अर्थ होता. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या घटनापीठानं सीता सोरेन खटल्यात तो निकाल पुसून टाकला. आता लाच स्वीकारली त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो. पुढे मत दिलं की नाही, भाषण केलं की नाही, याला महत्त्व नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर लक्षवेधी लागली नाही, तरी घेतलेलं घेतलेलंच राहतं. 'सभागृहातल्या कामकाजाबद्दल बाहेर कुणी विचारू शकत नाही' असं तुमचा सल्लागार सांगत असेल, तर तो २०२४ च्या आधीच अडकलाय.

आणि हे काही अलीकडचं खूळ नाही. आपल्या संसदेतलं अशा प्रकारचं पहिलं गाजलेलं प्रकरण मुंबईच्याच एका व्यापारी संघटनेशी जोडलेलं होतं. १९५१ साली एच. जी. मुद्गल या सदस्यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून मोबदला घेऊन संसदेत प्रश्न विचारले, वायदे व्यवहारांच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचवल्या, मंत्र्यांच्या भेटी घडवण्याचा प्रयत्न केला, असा ठपका सभागृहाच्या समितीनं ठेवला. हकालपट्टीच्या ठरावावर चर्चा चालू असताना त्यांनी राजीनामा दिला. सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, यात कुणी शिरलंच नाही. म्हणणं मांडण्यासाठी सदस्याला मोबदला मिळाला, एवढ्यावर प्रकरण उभं राहिलं. तुमचं दुहेरी भाराचं गाऱ्हाणं कितीही खरं असलं तरी उद्या त्याला चांदीचं नाणं चिकटलं, तर वर्तमानपत्रांत बातमी नाण्याची येईल. गाऱ्हाणं कायमचं बाजूला पडेल. मला कायद्याइतकीच याचीही काळजी वाटते, कारण संघटनेतल्या कित्येक लहान कारखानदारांची ती खरी अडचण आहे. २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली, ती तुम्हाला आठवत असेलच.

आता त्या पन्नास डॉलरबद्दल. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सदस्याला ५० डॉलरपेक्षा कमी किमतीची भेट घेता येते आणि एका देणाऱ्याकडून वर्षभराचं मिळून १०० डॉलरच्या आत राहावं लागतं, हे खरं. तुमच्या सभासदानं पुढचं वाक्य सांगितलं नाही. नोंदणीकृत लॉबिस्ट (पैसे घेऊन दुसऱ्याचं म्हणणं लोकप्रतिनिधींच्या गळी उतरवणारा) आणि त्याला नेमणारी संस्था, या दोघांना ती सवलत नाही. जॅक अब्रामॉफ नावाच्या लॉबिस्टचं प्रकरण तिकडे गाजलं. स्कॉटलंडच्या गोल्फ दौऱ्यावर नेलेल्या बॉब ने या सदस्याला त्यात तुरुंगवास झाला आणि २००७ साली नियम कडक झाले. तुमच्या संघटनेनं लायझनिंगसाठी माणूस नेमलाय, म्हणजे त्यांच्या नियमातही तुम्हाला पन्नास डॉलर सोडा, पाचही चालले नसते. शिवाय त्या व्यवस्थापकाला सांगा की परदेशी लोकप्रतिनिधीला लाभ देऊन काम मिळवण्याविरुद्ध अमेरिकेचा १९७७ चा वेगळा कायदा आहे. त्यांच्या दृष्टीनं आपला आमदार हा परदेशी अधिकारीच. संघटनेच्या दिवाळी निधीत त्यांच्या कंपनीची वर्गणी गेली, तर त्यांच्या मुख्यालयात प्रश्न उठतील. त्यांनी आकडा सुचवण्यापेक्षा आपल्या कायदा विभागाला विचारावं.

आपल्याकडे लॉबिस्टची नोंदणी करणारा कायदाच नाही. २०१३ मध्ये कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत तसं एक अशासकीय विधेयक आणलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी एका अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीनं भारतीय बाजारात शिरकाव मिळवण्यासाठी केलेला लॉबिंगचा खर्च अमेरिकी सिनेटकडच्या कागदांतून आपल्याला कळला आणि इथे गदारोळ झाला. तिथे कायद्यानं खर्च जाहीर करावा लागतो म्हणून ते बाहेर आलं. इथे तसा कागदच तयार होत नाही. म्हणून तुमच्यासारख्या संघटनेनं स्वतःहून तो तयार करावा, असं मी आग्रहानं सांगते. कसा, ते पुढे येईल.

यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे, तेही मान्य करते. आमदार तुमचा सख्खा मामेभाऊ असेल आणि तुमच्या घरून दरवर्षी फराळाचा डबा जात असेल, तर यंदा लक्षवेधी आहे म्हणून डबा थांबवायची गरज नाही. तो डबा संघटनेच्या खात्यातून जाता कामा नये, एवढंच. संघटनेच्या वार्षिक सभेत पाहुणे म्हणून आलेल्या आमदारांना सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ आणि पुष्पगुच्छ दिला, तर त्यात मला काही वावगं दिसत नाही. राज्यसभेची आचारसंहिता या बाबतीत चांगला मापदंड आहे, जरी ती आमदारांना लागू नसली तरी. कर्तव्य प्रामाणिकपणे, निःपक्षपातीपणे बजावण्याच्या आड येईल अशी भेट सदस्यानं घेऊ नये, प्रासंगिक किंवा स्वस्तातली स्मृतिचिन्हं आणि रूढ आदरातिथ्य मात्र चालेल, असं ती सांगते. आमदार मंत्री झाला की गणित बदलतं. केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेत, ज्यांच्याशी कामकाजाचा संबंध येऊ शकतो त्यांच्याकडून कोणतीच भेट घेऊ नये, असं आहे. कुणाचं मंत्रिपद कधी येईल याचा नेम नाही, म्हणून यादी दरवर्षी नव्यानं तपासावी लागते.

तुमच्या यादीवर येते.

पीएंचं पाकीट आजच काढून टाका. त्यावर चर्चाच नको. रोख रक्कम, लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातला माणूस आणि तुमचं प्रलंबित काम, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर समर्थनाला जागा उरत नाही. पीए सरकारी सेवेतला असेल तर त्याचे वर्तणूक नियम वेगळे आणि आमदारांपेक्षा कडक आहेत.

नाणं नको. सुकामेव्याचा डबाही यंदा नको, काम चालू आहे तोवर. एरवी चारशे-पाचशेची मिठाई पाठवणाऱ्या संघटनांशी मी फार हुज्जत घालत नाही, पण तेव्हाही दोन अटी सांगते. सत्ताधारी-विरोधक न बघता सगळ्या स्थानिक लोकप्रतिनिधींना एकच वस्तू जावी आणि ती घरी न जाता कार्यालयात जावी.

लग्नाचं म्हणाल तर आमंत्रण असेल तर जरूर जा. तुमचा वैयक्तिक आहेर तुमच्या ऐपतीचा आणि तुमच्या खिशातला असू द्या. संघटनेच्या नावानं पाकीट, दागिना, हॉलच्या सजावटीचा किंवा केटररचा खर्च, यातलं काहीही नको. 'मंडपवाला आपलाच सभासद आहे, तो बिल लावणार नाही' ही पद्धत मी पाहिलीय. न लावलेलं बिल हाही लाभच असतो.

दहीहंडीचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईत तो टाळताही येत नाही. इथे दहीहंडी, नवरात्र, दिवाळी पहाट, आरोग्य शिबिर, वह्यावाटप, सगळं कुणा ना कुणा नेत्याच्या नावानं चालतं. स्टेजवर एका बाजूला साहेबांचा फोटो, दुसऱ्या बाजूला स्पॉन्सरचं नाव. पैसे मंडळाला गेले, आमदारांना नाही, मग बिघडलं कुठे, असं वाटतं. पण लाभ स्वतःसाठी घेतला की दुसऱ्या कुणासाठी, थेट घेतला की मध्यस्थामार्फत, याचा फरक कायदा करत नाही. म्हणून मी मंडळाची कागदपत्रं मागवते. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी आहे का, विश्वस्त कोण आहेत, पैसे कुणाच्या खात्यात जाणार. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती आहे का. विश्वस्तांत आमदार स्वतः, पत्नी, भाऊ, पीए अशीच नावं दिसली, तर ते पैसे आमदारांना दिल्यासारखेच धरायचे आणि नाही म्हणायचं. मंडळ खरोखर गावाचं असेल, वर्षानुवर्षं चालत आलेलं असेल, आमदार फक्त पाहुणे म्हणून येत असतील, तर धनादेशानं, पावती घेऊन, सभासदांच्या ठरावानं मदत करायला हरकत नाही. तरीही ज्या वर्षी तुमचं काम त्याच आमदारांकडे आहे, त्या वर्षी मी थांबायला सांगते.

सभासद कंपन्यांसाठी इथे आणखी एक खड्डा आहे. अशा मंडळाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात द्या, असं सुचवलं जातं. कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे राजकीय पक्षाच्या किंवा पक्षाच्या फायद्यासाठी काढलेल्या स्मरणिकेतली जाहिरात ही राजकीय देणगी धरली जाते. मग संचालक मंडळाचा ठराव हवा, नफा-तोटा पत्रकात उल्लेख हवा, कंपनी तीन वर्षं जुनी हवी. निवडणूक रोख्यांच्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालानंतर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही परत आलीय. 'सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) करू' असं म्हणणाऱ्यांना सांगा, राजकीय पक्षाला दिलेलं सीएसआरमध्ये बसत नाही आणि सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थेची त्यासाठी वेगळी नोंदणी लागते.

जर्मनीचा बेत सोडून द्या. खर्च तिकडच्या कंपनीनं किंवा आयोजकानं केला, तर परदेशी आदरातिथ्य स्वीकारण्याआधी आमदारांना केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. खर्च संघटनेनं केला तर तो प्रश्न येत नाही, पण विमानाचं तिकीट आणि आठवडाभराचं हॉटेल ही यादीतली सगळ्यात महागडी भेट ठरते. आमदारांना उद्योग समजावून द्यायचा असेल तर रबाळ्याला बोलवा. कामाच्या दिवशी, पाळी चालू असताना. प्रेस शॉपमध्ये उभं करा, दोन्ही बिलं हातात द्या, कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर जेवू घाला. त्या जेवणावर कुणी बोट ठेवणार नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या सल्लागाराची वाटते. मागे एका कारखान्याची व्हाउचर बघताना एक कागद हाती आला. वर 'बिझनेस प्रमोशन', खाली 'दिवाळी – साहेब', रक्कम पूर्णांकात, बिल नाही. मागे स्टेपल केलेलं होतं एका लोकप्रतिनिधीच्या पीएचं व्हिजिटिंग कार्ड आणि त्यावर पेनानं 'शिफारस पत्र मिळाले' एवढंच लिहिलेलं. मालकाला विचारलं तर तो शपथेवर सांगायला तयार होता की फक्त मिठाई दिली, पत्र आधीच मिळालं होतं. कदाचित खरंही असेल. पण तो कागद बोलत होता ते वेगळंच, आणि उद्या तपास अधिकाऱ्यासमोर मालकाऐवजी कागदच बोलला असता. लायझनिंगवाल्यांच्या बिलात 'इतर खर्च', 'फेस्टिव्ह' अशा ओळी येतात, त्यांचा शेवट असा होतो.

कायद्यानं हा माणूस तुमच्याशी बांधलेला आहे. तो तुमच्या वतीनं काम करतो, म्हणून त्यानं तुमच्यासाठी दिलेली लाच संस्थेच्या दारात येऊन उभी राहते (भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ९). सेवा पुरवणं हेसुद्धा त्या कलमात व्यवसायच धरलंय, त्यामुळे 'आम्ही ना-नफा संघटना' या आडोशावर फार विसंबू नका. संस्थेला बचाव एकच आहे. असं घडू नये म्हणून पुरेशी यंत्रणा आधीपासून उभी होती, हे दाखवता आलं पाहिजे. आणि संस्थेच्या ज्या संचालक, व्यवस्थापक, सचिव किंवा अधिकाऱ्याच्या संमतीनं किंवा डोळेझाकीनं ते घडलं, त्याला कलम १० प्रमाणे तीन ते सात वर्षं. सचिवांचा उल्लेख तिथे नावानिशी आहे, म्हणून तुम्हाला हे स्वतंत्रपणे सांगतेय. सल्लागार आपल्या ओळखीच्या, वजनाच्या जोरावर लोकसेवकाकडून काम करून देण्यासाठी वेगळे पैसे घेत असेल, तर तो स्वतः कलम ७अ मध्ये अडकू शकतो.

तेव्हा त्याच्याशी लेखी करार करा. मासिक शुल्क ठरलेलं असावं. 'लक्षवेधी लागली तर इतके' अशी यशाला बांधलेली फी मुळीच नको. प्रवासाचा खर्च बिलाविना मिळणार नाही, संघटनेच्या नावानं तो कुणालाही काहीही देणार नाही आणि दिल्याचं कळलं तर करार त्याच दिवशी संपेल, हे त्यात लिहा. चांगला सल्लागार यावर बिनदिक्कत सही करतो. नियम समजून घेऊन मसुदे लिहिणं, कुठल्या विभागात फाइल कुठे आहे हे शोधणं, अधिवेशनाच्या तारखा सांभाळणं, ही त्याची खरी कामं आहेत आणि त्याचे पैसे घेण्यात काहीच गैर नाही. सही करायला टाळाटाळ करणारा आपल्याला काय विकत होता, ते त्यातून कळतं.

'सगळेच देतात, आपण नाही दिलं तर फोनसुद्धा उचलणार नाहीत,' असं तुमच्या समितीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. काही ठिकाणी हे खरंही ठरतं, ते नाकारणार नाही. पण आमदाराला अधिवेशनात सगळ्यात जास्त गरज असते ती तयार मजकुराची. दोन पानी निवेदन, त्यात दहा सभासदांचा तक्ता, प्रत्येकाचा भूखंडाचा आकार, महापालिकेचं देयक, एमआयडीसीचं देयक आणि त्या बदल्यात मिळालेली रस्ता-पाणी-गटाराची सेवा कुणाची. सोबत देयकांच्या छायाप्रती. शेवटी नेमकी मागणी, एका वाक्यात. असा कागद घेऊन जाणाऱ्या संघटनेला, मिठाई न नेताही, माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी वेळ मिळतो. तोच कागद सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या सदस्यांना द्या आणि पोच घ्या. आपलं म्हणणं लोकप्रतिनिधीपुढे मांडणं हा तुमचा हक्क आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि उघड मागणीच झाली तर? देऊ नका, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवा. दबावाखाली द्यावंच लागलं असेल, तर दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच कलम ८ मधून सुटका मिळते. आठव्या दिवशी ही सवलत संपलेली असते. हे सात दिवस समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवेत.

कागद स्वतः तयार करा, असं वर म्हटलं, तो म्हणजे एक साधी नोंदवही. तारीख, कोणाला, कुठल्या निमित्तानं, काय दिलं, किंमत, पैसे कुठल्या खात्यातून, त्या दिवशी त्या व्यक्तीकडे आपलं काय काम होतं आणि मंजुरी कुणी दिली. 'काय काम होतं' हा रकाना सोडू नका. तो भरताना हात अडखळला, तर ती भेट द्यायची नसते. शाल-श्रीफळसुद्धा त्यात लिहा. वर्षातून एकदा ती वही सर्वसाधारण सभेपुढे ठेवा, म्हणजे पुढच्या सचिवालाही तिचा धाक राहील. भेटींच्या खर्चाला आयकरात आणि जीएसटीतही अडचणी येतात. कायद्यानं मनाई असलेल्या कामासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होत नाही आणि भेट म्हणून दिलेल्या वस्तूवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तुमच्या सीएला हे ठाऊक असेलच, पण यादी त्याच्यापर्यंत खर्च झाल्यावर पोचते. आधी पोचू द्या.

शेवटी, नाण्यांची ऑर्डर दिलीय आणि आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग नाणी येऊ द्या. बोधचिन्ह संघटनेचंच आहे, तेव्हा सभासद कारखान्यांत बरीच वर्षं काम केलेल्या कामगारांचा सत्कार करा आणि ती त्यांना द्या. तसा ठराव आधी करून घ्या आणि कुणाला दिली त्याची यादी सह्यांसकट ठेवा. सल्लागारानं 'दिवाळी आगाऊ' म्हणून पाठवलेलं बिल मात्र मंजूर करू नका. तपशील मागणारं पत्र त्याला याच आठवड्यात पाठवा आणि त्याची प्रत समितीच्या इतिवृत्ताला जोडा.